पेल्याची कड

आमच्या देवळातला पेला पितळेचा होता आणि त्याची कड कुणी पुसत नसे. यातली दुसरी गोष्ट आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं.

चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू. आष्ट्याच्या पलीकडे एका बाजाराच्या गावात, वस्तीच्या टोकाला चिंचेखाली ती एक लांबट कौलारू खोली होती. आत बारा बाकं, पुढे एक मेज, मेजावर बायकांनी विणलेलं पांढरं कापड. ख्रिस्ती घरं तीस-बत्तीस. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. आदल्या दिवशी सांगलीच्या बाजारातून आणलेल्या मनुका भिजत घालायच्या, सकाळी उकळून गाळायच्या आणि ते पाणी पेल्यात ओतायचं. मंडळीचा पंच आधी स्वतः एक घोट घेई आणि मग पेला रांगेने फिरवी. पुरुष, मग बायका, आणि सगळ्यात शेवटी जो कुणी मंडळीत अगदी अलीकडे घेतला गेला असेल तो. त्यानं तळाचं संपवायचं. तळाशी मनुकांच्या साली आणि सगळा गोडवा उतरलेला असे, त्यामुळे त्या शेवटच्या घोटावर नव्या पोरापोरींचा डोळा असायचा.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या एका वर्षी पेला फिरवणारे पंच माझे वडील होते, आणि तो संपवणारी माझी धाकटी बहीण. पहिला ओठ आबांचा, शेवटचा तिचा. आणि आबांच्या थुंकीत रक्त पडतंय, हे साऱ्या मंडळीत आबा सोडले तर फक्त मला ठाऊक होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची, मिशनच्या शाळेत मास्तरीण. दोन वर्षं ट्रेनिंगला बाहेर राहून आले होते आणि गावात सगळ्यांपेक्षा मला जास्त कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. तिला न्हाऊमाखू मी घातलं, तिच्या वेण्या मी घातल्या, अक्षरं मी गिरवून घेतली. आता ती सोळा वर्षांची झाली होती आणि आवाज असा होता, की गीताची पहिली ओळ पाळकसाहेब तिच्याकडूनच उचलून घेत. मला ती बहीण कमी आणि लेक जास्त होती.

पेल्याची कड का पुसायची नाही, हे आमच्याकडे लहान मुलालासुद्धा माहीत असे. आमचे आजे-पणजे महारवाड्यातले आणि मांगवाड्यातले. दोघांनाही गावाने वेशीबाहेर ठेवलेलं, पण दोघं एकमेकांच्या हातचं पाणी पीत नसत. बाप्तिस्मा घेतल्यावरही दोन वर्षं देवळात दोन घागरी होत्या. मग तेव्हाच्या पाळकांनी सांगितलं, एक पेला, एक रांग, आणि मधे कुणी कड पुसायची नाही. ज्याला जमणार नाही त्यानं दारातून परत जावं. पहिल्या दिवशी निम्मी माणसं परत गेली म्हणतात. जी राहिली त्यांत एक दहा वर्षांची मुलगी होती. मी सांगतेय त्या काळात ती आमच्या मंडळीची सगळ्यात म्हातारी बाई होती. सगळे तिला आज्जीच म्हणत. दुसऱ्या वाड्यातल्या माणसाच्या मागोमाग पेला तोंडाला लावणारी पहिली मीच, हे ती दर ईस्टरला सांगायची, आणि आम्ही दर ईस्टरला पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचो.

गावात बाकी काही बदललं नव्हतं. बाजारातल्या हॉटेलात आमच्यासाठी दोन कपबश्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवलेल्या असत. आपण काढायच्या, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच विसळून परत ठेवायच्या. आबा चौथी शिकलेले, शाळेत मास्तरकी केलेले, इंग्रजी पत्ता वाचणारे. त्यांनी त्या हॉटेलात आयुष्यात चहा घेतला नाही. त्यांना चहा आवडत नाही असं मला लहानपणी वाटायचं.

त्या सालात पेल्याला कल्हई झाली नव्हती. बाजारातला कल्हईवाला ईस्टरच्या आधी दर वर्षी पेला घासून-तापवून चांदीसारखा करून द्यायचा. पण लढाईमुळे कथील मिळेना. तो आबांना म्हणाला, "मास्तर, पुढच्या साली बघू, आता कायबी मिळंना." त्यामुळे जिथे ओठ लागत तिथली कल्हई उडून खालचं पिवळं पितळ उघडं पडलं होतं. रांगेत पेला जवळ येऊ लागला की मला आधी ती पिवळी कड दिसायची.

आबांचा खोकला सुगीत सुरू झाला. धूळ आहे, म्हणाले. मग थंडी आहे, म्हणाले. मी त्यांचं उपरणं धुवायला घेतलं तेव्हा घडीत गुंडाळलेला डाग सापडला. वर पाहिलं तर आबा दारात उभे होते. त्यांनी फक्त ओठांवर बोट ठेवलं.

मी हट्टाने त्यांना मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेले. मोटार कोळशाच्या धुरावर चालणारी, चढ आला की उतारूंनी उतरून चालायचं. आबा प्रत्येक चढाला थांबून थांबून चालले आणि कंडक्टर आमच्याकडे बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, थुंकी तपासली आणि मला बाजूला घेऊन बराच वेळ समजावलं. क्षय आहे. त्यांना वेगळ्या खोलीत निजवा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, थंडीतही. लहान माणसांना त्यांच्याजवळ तासन् तास बसू देऊ नका. थुंकी राखेच्या भांड्यात धरा आणि पुरा. आणि हो, जेवायचं ताट, पाण्याचा पेला वेगळा ठेवा.

मी मान डोलवत होते. पण खरं सांगते, त्या सगळ्यातलं मला एकच ऐकू आलं. पेला. बाकीचं कानावरून गेलं. आमच्या माणसांचं असंच आहे. कुणी वेगळ्या पेल्याचं नाव काढलं की पिढ्यांचं दुखणं एकदम वर येतं आणि दुसरं काही ऐकू येईनासं होतं. मला वाटत होतं मी शिकलेली, मी त्यातली नाही.

परतीच्या मोटारीत मी म्हणाले, "आबा, तुमी पेला फिरवायचं सोडा."

"का म्हनून सांगू?"

"आजारी हाय म्हनून सांगा."

"मग इचारतील काय आजार. क्षयाचं नाव निघालं की गाव वाट सोडतंय, पोरी. शाळेतनं तुला काढतील. धाकटीला कोन करून घेईल? बोलू नगंस." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या पेल्यानं आजवर कुनी मेलं न्हाई."

आम्ही परत आलो त्याच्या पुढचाच रविवार महिन्यातला पहिला होता. मी बायकांच्या बाकावर बसले आणि आबांनी पेला उचलून पहिला घोट घेतला तेव्हापासून मोजायला लागले. किती माणसं मधे आहेत. किती जणांच्या ओठांनी ती कड फिरून, पुसून, वाटून जाईल आणि धाकटीपर्यंत पोचेल तेव्हा तिच्यावर आबांचं काही उरणार नाही. पेला माझ्याकडे आला. मी प्याले. माझं मला काही वाटलं नाही. मग तो धाकटीकडे गेला. तिनं दोन्ही हातांनी तो वर केला, मान मागे टाकली, तळाच्या साली जिभेने ओढून घेतल्या आणि माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेले. आबांचं नाव न घेता म्हटलं, शहरातल्या मंडळ्यांत आता लहान लहान पेले ठेवतात, प्रत्येकाला एक. आरोग्याला बरं. पाळकसाहेब मऊ माणूस. म्हणाले, "उपासनेनंतर मंडळीपुढं ठेव."

मी ठेवलं. शाळेत शिकवते तशा आवाजात, जंतू म्हणजे काय इथपासून. पुरुष खाली बघत होते. मग आज्जी उठली. ती बोलायला उठली की बाकं करकरायची थांबायची.

"हाटेलाच्या कोनाड्यातली कपबशी बघितलीस न्हवं?"

"आज्जी, ते निराळं."

"काय निराळं? थितंबी म्हनत्यात, तुमचं तुमी घ्या, आमचं आमी घेतो. ती कपबशी तू देवळात आनतीस व्हय? तुझ्या आज्याच्या मागनं मी त्या पेल्याला त्वांड लावलं तवा माझ्या बानं मला मारली. लय मारली. ती कशासाठनं?"

कुणी तरी म्हणालं, शिकली म्हणून इटाळ कराया लागली. कुणी म्हणालं, मास्तरांच्या घरात हे? सगळे आबांकडे बघायला लागले. आबा माझ्याकडे बघत होते. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. "हा माणूस रक्त ओकतोय." पाच शब्दसुद्धा नाहीत. माझ्या जिभेवर ते आलं होतं. आबांनी हळूच मान हलवली, नको म्हणून, आणि त्या मानेचा मला इतका राग आला की मी तशीच उठून चिंचेखाली जाऊन उभी राहिले. आतून गीत सुरू झालं. पहिली ओळ धाकटीची, आणि तिच्यामागे कुठे तरी आबांचा खोकला.

मग मी ठरवलं, मंडळीला नसेल ऐकायचं तर मी माझ्यापुरतं बघीन. धाकटीला पेल्यापासून तोडायची. तेवढ्यात आबांना अंथरूण धरावं लागलं. छातीत वारं धरलंय असं आम्ही सांगितलं. पेला दुसऱ्या पंचाकडे गेला. इथे मी थांबायला हवं होतं, कारण आबांचा ओठच आता पेल्याला लागत नव्हता. पण पाळकसाहेब दर पहिल्या रविवारी उपासनेच्या आधी पेला घेऊन घरी यायचे, आजाऱ्याचा वाटा म्हणून आबांना पहिला घोट द्यायचे आणि तोच पेला तसाच परत न्यायचे. मंडळीने मोठ्या प्रेमाने ठरवलं होतं ते. मास्तरांचा पहिला मान जाऊ द्यायचा नाही.

म्हणून मी धाकटीला सांगितलं, पहिल्या रविवारी तू आबांजवळ बसायचं. आजारी माणसाला एकटं ठेवायचं नाही.

ती रडली. "अक्का, तू बस की. माझा घोट हाय तो."

"मी शाळेची मास्तरीण, मी नसले तर लोक बोलतील. आणि आबांना तुझा आवाज लागतो."

ते खोटं नव्हतं. आबांना खरंच तिचा आवाज लागायचा. माघाचं गार वारं म्हणून आम्ही पुढचं दार आणि एकुलती एक खिडकी लावून घ्यायचो. मी देवळात जायची. धाकटी त्यांच्या उशाशी बसायची, त्यांचं डोकं मांडीवर घ्यायची आणि दोघं मिळून गायची. त्या दिवशी देवळात जे गीत असेल तेच. पहिल्या रविवारी सुरू झालेलं मग रोजचं झालं. शाळा सुटल्यावर मी येई तेव्हा अंगणातूनच ऐकू यायचं. बंद दाराआड एक तरणा आवाज आणि एक फाटका आवाज, मधे खोकला, मग हसू, मग पुन्हा पहिल्यापासून. मी अंगणात उभी राहून ऐकायची आणि मला बरं वाटायचं. इतकं बरं, की आता लिहिताना स्वतःच्या तोंडात मारावी वाटते. देवळात पेला फिरायचा, सगळ्यांच्या शेवटी धाकटीची जागा रिकामी असायची, आणि मी मनात म्हणायची, वाचवली.

आबा उन्हाळा लागायच्या आधी गेले. माती द्यायला दोन्ही वाड्यांची माणसं आली, बाजारातला कल्हईवालाही येऊन कोपऱ्यात उभा राहिला. त्यांना काय झालं होतं हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, आणि कुणीच ते बोललं नाही. त्यानंतर मी एकेका माणसावर नजर ठेवली. कोण वाळतंय, कोण खोकतंय. महिना गेला, चार महिने गेले. पेल्यातून आबांच्या मागोमाग पिणाऱ्यांपैकी एकालाही काही झालं नाही. आज्जीला तर साधं पडसं नाही.

धाकटीची जागा तिला परत मिळाली होती. भाद्रपदातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं पहिली ओळ उचलली आणि अर्ध्यावर सोडली. घसा साफ केला. पुन्हा उचलली. पुन्हा तिथेच थांबली. मग पाळकसाहेबांनी स्वतःच गीत सुरू केलं आणि सगळे जरा जास्तच मोठ्याने गायला लागले. मी बाकाची कड धरून बसून राहिले.

डॉक्टरीणबाईंनी मला ओळखलं. धाकटीला तपासून झाल्यावर विचारलं, "वडिलांजवळ कोण बसत होतं?"

मी सांगितलं.

"खोली उघडी होती?"

मी सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "मी तुम्हाला सांगितलं होतं. हा रोग श्वासातून जास्त जातो."

"मी तिला पेल्यापासून लांब ठेवलं," मी म्हणाले.

"कुठल्या पेल्यापासून?" त्यांनी विचारलं.



आता मी सगळं ऐकलं. खिडकीची झडप काढून टाकली, पुढचं दार दिवसभर उघडं ठेवलं, धाकटीची खाट पडवीत आणली, राखेचं भांडं, वेगळं ताट, वेगळा तांब्या, सगळं. शाळेतून आले की तिच्यापासून चार हात लांब पाट टाकून बसायची. ती माझ्याकडे बघायची. "अक्का, जवळ ये की," म्हणाली दोन-तीनदा. मग म्हणायची सोडली. मला भीती वाटत होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं. मी तिला वाढवली होती, माझं तोंड तिला वाचता येत होतं.

थंडी संपत आली तेव्हा तिनं पेला मागितला.

रविवारी उपासना झाल्यावर दुपारी पाळकसाहेब आणि आज्जी आले. आज्जीला आता चालवत नव्हतं, पण काठी टेकत ती आली. पडवीत ऊन पडलं होतं. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, प्रार्थना केली आणि पेला हातात घेऊन घोटाळले. मी त्यांच्या मनातलं ओळखलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. तिच्यानंतर मंडळीत नवं कुणी आलं नव्हतं. नियमाप्रमाणे तीच शेवटची. आम्ही तिघांनी आधी प्यायचं, तिनं संपवायचं. कुणाला काही करावं लागणार नव्हतं. नियमच आमच्या मदतीला आला होता.

"मी शेवटची," धाकटी म्हणाली. तिलाही ते समजलं होतं. आम्हाला सोडवायला म्हणाली ती.

"न्हाई," आज्जी म्हणाली. "आज मान तुझा. पयली तू."

आज्जीने स्वतः पेला धरून तिला पाजला. मग तिच्या समोर, कड न फिरवता, जिथे तिचे ओठ लागले होते तिथेच तोंड लावून आज्जी प्याली. पाळकसाहेब प्याले. पेला माझ्याकडे आला.

त्याची कड अजून पिवळीच होती. कथील आलंच नव्हतं. मी तो उचलला, ओठांना लावला आणि वर केला. ओठ उघडले नाहीत. एवढंच केलं मी. मनुकांचं पाणी ओठांना लागलं आणि मागे गेलं. मला वाटलं कुणाला दिसणार नाही. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेले होते, आज्जीला कमीच दिसायचं.

"अक्का," धाकटी म्हणाली, "र्‍हायलंय की त्यात."

तिनं हात पुढे केला. मी पेला दिला, कारण न देऊन काय करणार. तिनं तो मांडीवर ठेवला, लुगड्याच्या पदराचं एक कोरडं टोक शोधलं आणि सावकाश, सगळीकडून, त्याची कड पुसली. शाळेत मी शिकवलेलं होतं तसं, नीट, आतून आणि बाहेरून. मग पेला माझ्यासमोर धरला.

"आता पी," म्हणाली. "काय न्हाई हुनार."

आज्जीने तोंड अंगणाकडे फिरवलं. मी प्याले. तळाच्या सालींसकट सगळं प्याले, आणि ती बघत राहिली, मी तिला औषध घेताना बघायची तशी.

ती बारा दिवसांनी गेली. मी आज म्हातारी झाले आहे, मला तो रोग कधी झाला नाही. आमच्या देवळात पेल्याची कड एकदाच पुसली गेली, आणि ती माझ्यासाठी पुसली गेली.